टेन्साइल टेस्ट: भरवशाचे आकडे कसे मिळवायचे

धातूचा नमुना दोन टोकांना पकडायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा, एवढीच ही चाचणी. सोपी वाटते म्हणूनच ती बिनधास्त केली जाते. मशीन दरवेळी काहीतरी आकडा देतंच. तो आकडा धातूचा आहे, की वाकड्या पकडीचा, की घसरलेल्या एक्स्टेन्सोमीटरचा (नमुना किती लांबला ते मोजणाऱ्या उपकरणाचा), हे मात्र ते सांगत नाही.

ते ओळखायची खूण स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचं बल) आणि स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात वाढ) यांच्या प्रत्येक आलेखात असते: सुरुवातीची सरळ रेषा. पोलादाचा इलास्टिक मॉड्युलस, म्हणजे या रेषेचा उतार, २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपास असतो आणि उष्णतोपचाराने तो फारसा हलत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा सुमारे ७०, टायटॅनियम ६-४ (६% अ‍ॅल्युमिनियम, ४% व्हॅनेडियम) चा ११० ते ११५, मॅग्नेशियमचा सुमारे ४५. यील्ड (ज्या स्ट्रेसला धातू कायमचा ताणला जाऊ लागतो तो) किती येणार हे आधी ठाऊक नसतं, म्हणून तर टेस्ट करायची. उतार किती यायला हवा हे मात्र बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं. तो आला नाही, तर पुढचा एकही आकडा वहीत उतरवण्याआधी थांबायचं. या लेखातल्या बऱ्याच गोष्टी त्या उताराकडेच जातात.

नमुना कापताना

आधी दिशा ठरवा. लाटलेल्या पत्र्यात किंवा प्लेटमध्ये लाटण्याच्या दिशेने, आडवं आणि ४५ अंशांत असे तीन वेगवेगळे आकडे येऊ शकतात. कापण्याआधीच मूळ तुकड्यावर बाण काढा आणि प्रत्येक नमुन्याच्या टोकावर तो क्रमांकासह उतरवा. क्रमांक पंचाने उठवायचा असेल तर फक्त जबड्यात जाणाऱ्या भागावर. गेज लांबीत (ज्या मधल्या भागावर वाढ मोजतात तिथे) उठवलेला अंक म्हणजे तयार खाचच.

मापं एएसटीएम ई८ किंवा आयएसओ ६८९२-१ प्रमाणे घ्या आणि कोणतं मानक धरलं ते लिहून ठेवा, कारण दोन्हींत गेज लांबी सारखी नसते. ई८ च्या नेहमीच्या गोल नमुन्याचा व्यास १२.५ मिमी आणि गेज लांबी ५० मिमी, म्हणजे व्यासाच्या चौपट. आयएसओच्या प्रमाणबद्ध नमुन्यात ती छेदाच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या ५.६५ पट असते, म्हणजे गोल नमुन्यात व्यासाच्या पाचपट. ई८ च्या नेहमीच्या पत्र्याच्या नमुन्याला १२.५ मिमी रुंदी, ५० मिमी गेज लांबी, किमान ५७ मिमी समांतर भाग आणि किमान १२.५ मिमी त्रिज्येचा फिलेट (रुंद टोकाकडे जाणारी गोलाई) लागतो.

पत्रा कातरून किंवा लेझरने कापला तर कडा बदलतात. कातरलेल्या कडेला धातू कडक होतो, लेझरच्या कडेला उष्णतेने रचना बदलते. दोन्ही वेळा नमुना मोठा कापून कडा मिलिंगने उतरवा. वायर-कट बरा, पण त्याच्या पृष्ठभागावर वितळून पुन्हा गोठलेला पातळ थर राहतो. ताकदवान आणि कमी तन्य मिश्रधातूंत तो थर भेगा सुरू करतो, तेव्हा घासून काढावा लागतो. लेथवर शेवटचे काप हलके घ्या, कुलंट चालू ठेवा, आणि शेवटची घासणी नमुन्याच्या लांबीच्या दिशेने करा. गोल फिरवून घासलं तर प्रत्येक ओरखडा ओढीला आडवा पडतो.

फिलेट जिथे समांतर भागाला मिळतो तिथे टूल खोल गेला तर नमुना हमखास तिथेच तुटतो. याउलट, मधला व्यास टोकांपेक्षा किंचित कमी ठेवायला मुभा असते. ई८ मध्ये टोकं मध्यापेक्षा १% पर्यंत मोठी चालतात. या सवलतीचा फायदा घ्या, तुटणं मध्याकडे येतं.

वाकलेला नमुना सरळ करून वापरू नका. कॉइलमधला वळलेला पत्रा किंवा पाइपातून चपटी केलेली पट्टी आधीच उलटसुलट ताणली गेलेली असते. एका दिशेने ताणलेला धातू दुसऱ्या दिशेला लवकर यील्ड होतो, म्हणून ०.२% चा आकडा (प्रूफ स्ट्रेस, ज्याला ०.२% कायमचा ताण उरतो) खरोखर कमी येतो आणि यील्डचा ठळक कोपरा गोलावतो. पाइपातून गोल नमुना काढता येत असेल तर तोच काढा.

आणखी एक गोष्ट सहज विसरते. तांबं मिसळलेला अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू द्रावण-उपचारानंतर (तापवून तांबं धातूत विरघळवल्यावर) पाण्यात बुडवला की खोलीच्या तापमानालाच हळूहळू कडक व्हायला लागतो. सकाळी बुडवलेले नमुने कुणी त्याच दिवशी ओढले आणि बाकीचे आठवड्याने, तर दोन वेगळे धातू तपासल्यासारखं होतं. बुडवल्याची वेळ आणि टेस्टची वेळ दोन्ही लिहा. मधे थांबायचंच असेल तर नमुने डीप फ्रीझरमध्ये ठेवा.

व्यास मोजणं आणि लोड सेल निवडणं

व्यास मायक्रोमीटरने, गेज लांबीत तीन जागी, प्रत्येक जागी एकमेकांना काटकोनात दोनदा मोजा. व्हर्निअर इथे पुरत नाही. ६ मिमी व्यासात ०.०३ मिमीची चूक म्हणजे व्यासात अर्धा टक्का आणि क्षेत्रफळात एक टक्का, आणि ती जशीच्या तशी प्रत्येक स्ट्रेसमध्ये उतरते. मशीनच्या बलमापनाचा अचूकतेचा वर्ग १ असेल तर त्याची मुभाही एकच टक्का असते. म्हणजे घाईत मोजलेला व्यास संपूर्ण मशीनइतकी चूक एकट्याने घालतो.

नमुना ओढण्याआधी लागणारं बल काढा. १२.५ मिमी व्यासाचं क्षेत्रफळ १२२.७ चौरस मिमी. ६०० एमपीए (मेगापास्कल) ताकदीच्या पोलादाला सुमारे ७४ किलोन्यूटन लागतील, १०० किलोन्यूटनचं मशीन पुरेल. १००० एमपीएच्या पोलादाला मात्र १२३ किलोन्यूटन लागतात. तिथे ९ मिमीचा नमुना घ्या, ६४ किलोन्यूटनमध्ये काम होतं. उलट टोकाला, पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यासाठी मोठा लोड सेल (बल मोजणारा भाग) वापरला तर सगळी टेस्ट त्याच्या तळच्या कोपऱ्यात होते, जिथे कॅलिब्रेशन केलेलंच नसतं. कॅलिब्रेशनच्या दाखल्यावर सर्वांत खालचं तपासलेलं बल किती, ते बघून घ्या.

पकड

जबड्यांच्या लांबीचा किमान दोन तृतीयांश भाग नमुन्याने भरलेला हवा. टोकाला कसंबसं पकडलं तर दातांवर भार केंद्रित होतो, नमुना जबड्यापाशी तुटतो आणि जबडेही खराब होतात. दातांत अडकलेला धातूचा चुरा दर काही नमुन्यांनी तारेच्या ब्रशने काढा.

शून्याचा क्रम पाळा: आधी वरचा जबडा, मग बल शून्य, मग खालचा जबडा. वेज ग्रिप आवळताना नमुन्यावर थोडं दाबबल येतं, आणि पातळ पट्टी त्याने वाकूही शकते. पुष्कळ जण खालचा जबडा आवळल्यावर दिसलेला आकडा ‘चुकीचा’ समजून पुन्हा शून्य करतात. तो आकडा खरा असतो. तो पुसला की संपूर्ण आलेख तेवढा वर किंवा खाली सरकतो. मशीनमध्ये आवळताना बल स्थिर ठेवायची सोय असेल तर ती चालू करा.

नमुना बलाच्या रेषेत बसणं हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. गोल नमुन्यात बल मध्यापासून जेवढं सरकलं त्याच्या आठपटीला व्यासाने भागलं की वाकण्याने आलेला जादा स्ट्रेस सरासरीच्या किती पट ते निघतं. ६ मिमी नमुना, फक्त ०.१ मिमी सरकलेला: ०.८ भागिले ६, म्हणजे १३%. एका बाजूला स्ट्रेस १३% जास्त, समोरच्या बाजूला तेवढाच कमी. तन्य पोलादात याचा कमाल ताकदीवर फारसा परिणाम होत नाही, कारण यील्डनंतर भार वाटला जातो. पण वरचा यील्ड पॉइंट, मॉड्युलस आणि कमी तन्य ओतीव मिश्रधातूंची ताकद यांचे आकडे बिघडतात. थ्रेडच्या टोकाचा नमुना आणि गोलाकार बैठक असेल तर काम सोपं होतं. संशय आला तर त्याच मापाच्या नमुन्यावर घेरात सारख्या अंतराने चार स्ट्रेन गेज चिकटवा आणि इलास्टिक मर्यादेतच भार देऊन चौघांचे आकडे ताडून पाहा.

एक्स्टेन्सोमीटर

क्रॉसहेड (मशीनचा सरकणारा आडवा दांडा) किती सरकला यावरून स्ट्रेन काढू नका. त्यात मशीनच्या चौकटीचा ताण, जबड्यांची घसरण, फिलेटचं वाढणं सगळं मिसळतं. अशा आलेखात पोलादाचा उतार ३०-४० गिगापास्कलसुद्धा निघतो. पोलाद रबरासारखं झालेलं नसतं, मशीनचं ताणणं नमुन्याच्या नावावर पडलेलं असतं. नुसती कमाल ताकद हवी असेल तर क्रॉसहेड चालतो. यील्ड आणि मॉड्युलससाठी नाही.

०.२% प्रूफ स्ट्रेससाठी वर्ग १ चा एक्स्टेन्सोमीटर पुरतो. मॉड्युलससाठी तो पुरतोच असं नाही, आणि याचं गणित एकदा करून बघण्यासारखं आहे. वर्ग १ मध्ये लहान विस्थापनाला ३ मायक्रोमीटरपर्यंत चूक चालते. ४०० एमपीए यील्डच्या पोलादात उतार यील्डच्या १० ते ४०% मध्ये काढला, तर स्ट्रेसचा पल्ला १२० एमपीए, स्ट्रेन ०.०६%, म्हणजे ५० मिमी गेज लांबीत ३० मायक्रोमीटर. त्यात ३ म्हणजे दहा टक्के. म्हणून नेहमीच्या टेस्टमध्ये उतार अपेक्षेच्या दहा टक्क्यांत आला तर पकड आणि उपकरण ठीक समजायचं, पण तो आकडा ‘मोजलेला मॉड्युलस’ म्हणून छापायचा नाही. तसा छापायचा तर वर्ग ०.५, दोन्ही बाजूंची सरासरी घेणारा एक्स्टेन्सोमीटर, आणि इलास्टिक मर्यादेत तीन-चारदा चढ-उतार करून काढलेला उतार हवा.

बसवताना धारा नमुन्याला काटकोनात, क्लिपचा दाब बेताचा. दाब कमी असेल तर धार घसरते आणि आलेखात स्ट्रेन अचानक उडी मारते. जास्त असेल तर मऊ अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि नमुना नेमका तिथे तुटतो. अडवणारी पिन काढायला विसरलात तर सुरुवातीला रेषा जवळजवळ उभी जाते, हा बिघाड निदान लगेच दिसतो. उतार अपेक्षेपेक्षा वीसेक टक्के वेगळा आला तर भार काढा, एक्स्टेन्सोमीटर समोरच्या बाजूला लावा आणि पुन्हा थोडा भार द्या. एका बाजूने जास्त, दुसऱ्या बाजूने कमी आला तर नमुना वाकतो आहे. दोन्हीकडून सारखाच चुकीचा आला तर व्यास, गेज लांबीची सेटिंग किंवा कॅलिब्रेशन तपासा. सॉफ्टवेअरमध्ये ५० ऐवजी २५ मिमी गेज लांबी राहून जाणं हे यातलं नेहमीचं कारण. तेव्हा उतार बरोबर निम्मा येतो.

वेग

आयएसओ ६८९२-१ च्या पद्धत ‘अ’ मध्ये यील्डपर्यंत स्ट्रेन रेट सेकंदाला ०.०००२५ आणि कमाल ताकदीसाठी ०.००६७, दोन्हींना २०% मुभा. ७५ मिमी समांतर भाग असेल तर पहिला वेग म्हणजे मिनिटाला १.१२५ मिमी. क्रॉसहेड या वेगाने चालवला तरी इलास्टिक भागात नमुन्याचा खरा स्ट्रेन रेट त्याहून बराच कमी असतो, कारण हालचालीचा मोठा वाटा मशीनच खातं. यील्ड झाल्यावर तो ठरवलेल्या वेगाजवळ येतो.

एक्स्टेन्सोमीटरच्या सिग्नलवर वेग बांधायची सोय हल्ली अनेक मशीनवर असते. गोलसर यील्ड होणाऱ्या धातूंना ती उत्तम. कमी कार्बनच्या पोलादात मात्र यील्ड पट्ट्यापट्ट्यांनी सरकतो. पट्टा एक्स्टेन्सोमीटरच्या बाहेर असला की आत स्ट्रेन वाढतच नाही, आणि मशीन ती वाढवण्यासाठी क्रॉसहेड जोरात पळवतं. धार घसरली तरी हेच. अशा धातूंना क्रॉसहेडचा वेग स्थिर ठेवणंच शहाणपणाचं. वेग बदलायचा असेल तर यील्डचा भाग पुरता संपल्यावर बदला. त्या जागी आलेखात छोटी पायरी दिसते, ती धातूची नाही.

नोंदीचा वेगही बघा. सेकंदाला ०.०००२५ ने ०.२% स्ट्रेनला ८ सेकंद लागतात, सेकंदाला ५० नोंदींनी ४०० बिंदू मिळतात. ०.००६७ ने तोच भाग ०.३ सेकंदात उरकतो, बिंदू मिळतात पंधरा. पंधरा बिंदूंवर उतार काढणं म्हणजे अंदाजच.

३०४ सारख्या स्टेनलेस पोलादात वेगाचा परिणाम उलटाही दिसतो. ताणताना ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट (जास्त कडक स्फटिकरचना) होत जातं आणि त्यानेच ताकद वाढते. जोरात ओढलं की नमुना तापतो, मार्टेन्साइट कमी होतं आणि कमाल ताकद घटू शकते. अशा मिश्रधातूवर काम असेल तर पातळ थर्मोकपल नमुन्यावर लावून तापमानही नोंदवा.

आलेख वाचताना

सुरुवातीचा वाकडा पाय, म्हणजे जबडे बसताना पडलेला भाग, सोडून द्या. सरळ रेषा मागे वाढवून जिथे ती स्ट्रेनच्या अक्षाला छेदते तिथे नवं शून्य, आणि तिथून ०.२% वर समांतर रेषा. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, पण उतार काढण्याचा पल्ला त्याने कुठे धरला ते डोळ्यांनी पाहा. यील्डच्या जवळचा वाकलेला भाग पल्ल्यात आला तर उतार कमी पडतो, समांतर रेषा आडवी होते आणि ती आलेखाला उजवीकडे सरकून, जास्त स्ट्रेसवर छेदते.

ठळक यील्ड असलेल्या पोलादात ०.२% रेषा काढू नका. वरचा आणि खालचा यील्ड द्या. वरचा आकडा रेषेत बसणं, वेग आणि मशीनचा ताठपणा यांवर फार हलतो. तुलनेसाठी खालचा भरवशाचा.

अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूत आलेख दंतुर येतो. तो मशीनचा खडखडाट समजून फिल्टर लावू नका. विरघळलेले अणू सरकणाऱ्या डिसलोकेशनना (स्फटिकातल्या दोषरेषांना) पकडतात आणि सोडतात, त्याचे ते दात आहेत, संशोधनात कधीकधी तेच हवं असतं. खात्री हवी तर त्याच सेटिंगवर एक मृदू पोलादाचा नमुना ओढा. तिथे यील्डनंतरचा भाग गुळगुळीत आला तर मशीनवरचा संशय जवळपास मिटतो.

एक्स्टेन्सोमीटर तुटण्याचा झटका सोसणारा नसेल तर नेक पडण्याआधी (नमुना एका जागी बारीक होण्याआधी), सोयीच्या स्ट्रेनवर, काढून घ्या. त्यासाठी हात घालण्याआधी क्रॉसहेड थांबवा. तेवढ्यात बल जितकं घटलं ते नोंदीत लिहा. फार ताकदवान, कमी तन्य नमुन्यांच्या वेळी संरक्षक काच बंदच असू द्या आणि गॉगल डोळ्यांवर. साठलेली ऊर्जा एका क्षणात सुटते आणि तुकडे उडतात.

तुटल्यानंतर

तुटलेले दोन तुकडे जुळवून लांबी मोजण्याआधी ठरवा: पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आहे का? जुळवताना टोकं घासली जातात आणि बारीक खळगे चेपतात. म्हणून प्रत्येक गटातला एक नमुना जुळवायचाच नाही, थेट कोरड्या डब्यात, सिलिका जेलसोबत. बाकीचे जुळवा.

गेज लांबीने विस्तार किती फिरतो हे ज्यांनी कधी मोजलं नाही त्यांना आश्चर्य वाटेल. समजा, सगळीकडे सारखा झालेला विस्तार १५% आहे आणि नेकने एकट्याने ४ मिमी वाढवली. ५० मिमीत एकूण ११.५ मिमी, म्हणजे २३%. ६२.५ मिमीत तोच नमुना २१.४%. २५ मिमीत ३१%. धातू तोच, तुटणं तेच. गेज लांबी न लिहिता ‘विस्तार ३१%’ असं दिसलं तर तो आकडा कशाशीच ताडता येत नाही. मिश्रधातूंची तुलना करायची असेल तर नेकपूर्वीचा समान विस्तार वेगळा द्या, त्याला गेज लांबीचा त्रास नाही.

नमुना गेज खुणेच्या फार जवळ तुटला तर नेकचा काही भाग बाहेर राहतो आणि विस्तार कमी दिसतो. आयएसओप्रमाणे तुटलेली जागा जवळच्या खुणेपासून किमान एक तृतीयांश गेज लांबीवर हवी. जबड्यात तुटलेला नमुना विस्तारासाठी बाद. कमाल बल येऊन नेक पडल्यावर तुटला असेल तर ताकदीचा आकडा तरीही वापरता येतो.

क्षेत्रफळातली घट नेकच्या सर्वांत बारीक जागी, दोन दिशांना मोजा. १२.५ चा व्यास ७.५ झाला तर घट ६४%. त्यावरून तुटतानाचा खरा स्ट्रेन काढता येतो: मूळ आणि उरलेल्या क्षेत्रफळाच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम, इथे १.०२.

ट्रू स्ट्रेस आणि स्ट्रेन

इंजिनिअरिंग (मूळ मापांवरून काढलेल्या) स्ट्रेसला एक अधिक इंजिनिअरिंग स्ट्रेनने गुणा, तो ट्रू स्ट्रेस, आणि एक अधिक स्ट्रेनचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, तो ट्रू स्ट्रेन. ४०० एमपीए आणि १५% ला खरे आकडे ४६० एमपीए आणि ०.१४०. हे सूत्र फक्त कमाल बलापर्यंत. नेक पडल्यावर विस्तार एका जागी गोळा होतो, तरीही हाच हिशेब पुढे ओढलेले आलेख छापील निबंधांतही सापडतात. ते सरळ चूक आहे. नेकच्या पुढे जायचं तर व्यास सतत मोजावा लागतो, आणि नेकमध्ये तिन्ही दिशांचा ताण असल्याने ब्रिजमनची दुरुस्तीही लागते.

स्ट्रेन हार्डनिंगचा (ताणताना धातू कडक होत जाण्याचा) घातांक ट्रू स्ट्रेस-स्ट्रेनच्या लॉग-लॉग आलेखाच्या उतारावरून काढताना यील्डचा पट्टा आणि नेकचा भाग दोन्ही वगळा. पडताळणी कॉन्सिडेअरच्या निकषाने होते: घातांकी नियम लागू असेल तर नेक सुरू होतानाचा खरा स्ट्रेन त्या घातांकाइतकाच यायला हवा. समान विस्तार १८% असेल तर खरा स्ट्रेन ०.१६६. घातांक ०.२५ निघाला असेल तर बसवलेला पल्ला चुकला आहे, किंवा तो धातू त्या साध्या नियमाने चालत नाही. ड्युअल-फेज (दोन वेगळ्या रचना मिसळलेल्या) पोलादांत दुसरंच खरं असतं, तिथे एकच घातांक देण्याऐवजी स्ट्रेनप्रमाणे बदलणारा उतार दाखवा.

किती नमुने

प्रत्येक स्थितीला किमान तीन, निष्कर्ष थोड्या फरकावर उभा असेल तर पाच किंवा अधिक. मात्र एकाच सळईतून कापलेले पाच नमुने म्हणजे पाच स्वतंत्र पुरावे नव्हेत. ते त्या सळईतला फरक दाखवतात, उष्णतोपचाराच्या दोन फेऱ्यांतला किंवा दोन ओतांतला नाही. उपचाराचा परिणाम सांगायचा असेल तर भट्टीच्या फेऱ्या वेगवेगळ्या हव्यात.

पोलादात कडकपणाची जोड द्या. जबड्याच्या भागावर विकर्स घेतला तर त्याची साधारण ३.२ ते ३.३ पट एमपीएमध्ये कमाल ताकदीच्या जवळ जाते. ऑस्टेनिटिक स्टेनलेस आणि थंड ओढलेल्या धातूंना हे लागू करू नका. बाकी पोलादांत दोन्ही आकडे १५-२० टक्क्यांनी फारकत घेत असतील तर नमुन्यांचे क्रमांक अदलाबदल झालेत का, हे सगळ्यांत आधी बघा.

अहवालात ताकद पूर्ण एमपीएमध्ये लिहा. ४१२.३७ मधले दशांश मशीन देतं म्हणून ते खरे होत नाहीत. सोबत नमुन्याची मापं, गेज लांबी, दिशा, दोन्ही वेग, एक्स्टेन्सोमीटरचा वर्ग, उतार, तापमान आणि बाद केलेल्या प्रत्येक नमुन्याचं कारण. बल, विस्थापन आणि स्ट्रेनच्या कच्च्या फायली फिल्टर न लावता जपा. सॉफ्टवेअरने दिलेला तक्ता पुन्हा तपासता येत नाही, कच्ची फाइल येते.